विमानाचे दरवाजे

विमानाचा दरवाजा म्हणजे विमानाच्या धडाला पाडलेल्या मोकळ्या जागेवर बसवलेला, उघडबंद करता येणारा यांत्रिक भाग होय. प्रवाशांच्या चढउतारीचे दरवाजे, खाद्यपदार्थ व साफसफाईच्या सामानासाठीचे सेवा दरवाजे, पंखांवरील आपत्कालीन निर्गमद्वारे, मालकक्षांचे दरवाजे आणि दरवाजाच्या जागी बसवलेली बंद झाकणे या सर्वांचा या संज्ञेत समावेश होतो. दरवाजाच्या अवतीभवती असणारी आसने, खानपानाचे कप्पे, पडद्या व आवरणे हे केबिनमधील सुटे भागही याच विषयात मोडतात, कारण दरवाजा चालतो की नाही हे पुष्कळदा त्यांच्यावर ठरते.

या दरवाजांकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. आकाशात तो कोणत्याही कारणाने उघडता कामा नये आणि जमिनीवर संकट आल्यास ज्याने तो पूर्वी कधी हाताळलेला नाही अशा माणसालाही तो काही सेकंदांत उघडता आला पाहिजे. विमानाच्या दरवाजाची जवळजवळ सर्व रचना या दोन अपेक्षांचा मेळ घालण्यासाठी झालेली आहे आणि या विषयातील मोठे अपघात यांपैकी एखादी अपेक्षा पुरी न झाल्याने घडलेले आहेत.

पुणे जिल्ह्यात बारामती व इंदापूर यांना जोडणाऱ्या रस्त्यावरील सणसरच्या परिसराचा या विषयाशी दुहेरी संबंध येतो. बारामतीच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या लहान प्रशिक्षण विमानांमुळे एक, आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या उद्योगपतीने पुढे बंगळूर येथे काढलेल्या विमान कारखान्यामुळे दुसरा. या दोहोंची माहिती लेखाच्या उत्तरार्धात दिली आहे.

हवेचा दाब आणि बुचाचे तत्त्व

प्रवासी जेट विमाने साधारणतः ३०,००० ते ४०,००० फूट उंचीवरून उडतात. या उंचीवरील हवा माणसाला जगण्यास पुरेशी नसते, म्हणून केबिनमध्ये हवा भरून आतील दाब सुमारे ८,००० फूट उंचीवरील हवेइतका किंवा त्याहून अधिक राखला जातो. परिणामी विमानाचे धड हे फुगवलेल्या नळकांड्यासारखे असते आणि त्यातील प्रत्येक दरवाजावर आतून बाहेर सतत जोर पडत असतो.

हा जोर किती असतो याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. एअरबस ए-३२० या विमानाचा पुढील प्रवासी दरवाजा सुमारे १.८५ मीटर उंच व ०.८१ मीटर रुंद, म्हणजे जवळपास दीड चौरस मीटर क्षेत्रफळाचा आहे. आतील व बाहेरील दाबांतील फरक दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोग्रॅमपेक्षा थोडा जास्त असतो. त्यानुसार दरवाजावरील एकूण भार सुमारे साडेआठ टन होतो. गळीत हंगामात साखर कारखान्याकडे जाणारी उसाची भरलेली ट्रॉली या दरवाजाला आतून रेलून उभी आहे असे मानले, तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

एवढा भार कड्या-कोयंड्यांवर टाकण्याऐवजी तोच भार दरवाजा बंद ठेवण्यासाठी वापरणे, हे बुचासारख्या म्हणजे 'प्लग' दरवाजाचे तत्त्व आहे. दरवाजा चौकटीपेक्षा किंचित मोठा करून आतल्या बाजूने बसवला जातो. केबिनमधील दाब जितका वाढेल तितका तो चौकटीवर अधिक घट्ट दाबला जातो. हे तत्त्व विमानांपेक्षा जुने आहे. बाष्पकाच्या टाकीत माणूस शिरण्यासाठी ठेवलेल्या लंबवर्तुळाकार भोकाचे झाकण आतून लावलेले असते व वाफेचा दाबच ते जागी धरून ठेवतो. स्वयंपाकघरात वापरल्या जाणाऱ्या, झाकण आतून बसणाऱ्या प्रेशर कुकरचेही तेच आहे: आतील वाफ जिरेपर्यंत त्याचे झाकण निघत नाही, मग ते कोणी कितीही जोर लावून ओढो.

उड्डाणात प्रवाशाने दरवाजा उघडण्याचा प्रयत्न केल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. अधिक उंचीवर असा प्रयत्न यशस्वी होणे शक्य नसते, कारण हाताच्या जोराची तुलना काही टनांशी असते. उतरताना मात्र परिस्थिती बदलते. विमान जसजसे खाली येते तसतसा दाबांतील फरक कमी होत जातो व जमिनीजवळ तो जवळजवळ शून्य होतो. त्यामुळे उंचीवर मिळणारे संरक्षण नेमक्या त्या वेळी उरत नाही. जानेवारी २०२३ मध्ये नागपूरहून मुंबईस आलेले विमान उतरत असताना एका प्रवाशाने आपत्कालीन दरवाजाचे आवरण काढण्याचा प्रयत्न केला व त्याच्याविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला, तो प्रसंग याच टप्प्यातील होता.

हवेचा दाब आणि केबिनमधील झडपा यांचा संबंध अन्य प्रकारेही येतो. केबिनमधील हवा सुमारे १४,००० फूट उंचीइतकी विरळ झाली की आसनांवरील लहान झाकणे आपोआप उघडून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात केबिनमध्ये हवा भरणारी यंत्रणा चालू न केली गेल्याने हे मुखवटे खाली आले. काही प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले आणि विमान मुंबईस परतले.

दरवाजा उघडण्याची यंत्रणा

चौकटीपेक्षा मोठे बूच त्याच चौकटीतून बाहेर कसे काढायचे, ही या दरवाजाची मूळ अडचण आहे. वेगवेगळ्या उत्पादकांनी तिची वेगवेगळी उत्तरे शोधली. बोइंग ७३७ मध्ये दरवाजा प्रथम थोडा आत येतो, त्याच्या वरच्या व खालच्या पट्ट्या आत दुमडतात आणि मग तो तिरका होऊन कडेने बाहेर पडतो. बाष्पकाचे लंबवर्तुळाकार झाकण तिरके करून भोकातून काढतात त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल. लॉकहीड एल-१०११ मध्ये दरवाजे आत येऊन छतात सरकत असत. एअरबस ए-३२० चा दरवाजा संपूर्ण बूच नसतो. त्याच्या दोन्ही कडांवर धातूचे ठोकळे असतात व ते चौकटीवरील तशाच ठोकळ्यांना टेकतात. सर्व भार या जोड्यांमधून चौकटीत जातो. दांडा फिरवला की दरवाजा वर उचलला जातो, दोन्हीकडील ठोकळे एकमेकांच्या वाटेतून बाजूला होतात आणि मग दरवाजा धडाला समांतर राहून पुढच्या बाजूस सरकतो.

प्रवासी दरवाजाच्या खालच्या फुगीर भागात हवेने फुगणारी घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते. तिच्या टोकाला एक आडवा गज असतो. विमान निघण्यापूर्वी केबिन कर्मचारी एक तरफ हलवून हा गज जमिनीवरील खाचांत अडकवतात, यालाच दरवाजा 'सज्ज' करणे म्हणतात. त्यानंतर दरवाजा आतून उघडल्यास गज जमिनीशीच राहतो, घसरगुंडी बाहेर ओढली जाते व काही सेकंदांत फुगते. त्याच वेळी दाबाखालील वायूची एक यंत्रणा दरवाजाला बाहेर ढकलण्यास मदत करते. बाहेरून दरवाजा उघडला तर ही जोडणी आपोआप सुटते, अन्यथा शिडी लावून उभ्या असलेल्या कामगारावर घसरगुंडी आदळली असती. विमान थांबल्यावर होणारी 'दरवाजे तपासा' अशा अर्थाची घोषणा ही सज्जता काढून घेतल्याची उलटतपासणी असते. ए-३२० च्या दरवाजाला एक लहान खिडकी व तिच्याखाली दोन दिवे असतात. घसरगुंडी सज्ज असताना कोणी दांड्याला हात घातला तर पांढरा दिवा लागतो. इंजिने बंद असून घसरगुंडीची सज्जता काढलेली असतानाही केबिनमध्ये दाब उरला असेल तर तांबडा दिवा लुकलुकतो. शिल्लक राहिलेला थोडा दाबही दरवाजा अचानक बाहेर भिरकावण्यास पुरेसा असल्याने ही सूचना महत्त्वाची आहे.

पंखांवरील निर्गमद्वारे आकाराने लहान असतात. ए-३२० मध्ये ती बिजागरी नसलेली, सुमारे १५ किलोग्रॅम वजनाची झाकणे आहेत व ती उचलून बाहेर फेकावी लागतात. बोइंग ७३७ च्या अलीकडील आवृत्त्यांत हेच द्वार वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेले असते व दांडा ओढताच बाहेर उघडते. उड्डाणात ते विजेवर चालणाऱ्या अडसराने बंद राहते.

मालकक्षांचे दरवाजे

मालकक्षाचा दरवाजा मोठा असावा लागतो. तो आत उघडणारा केला तर आतील बरीच जागा वाया जाते. म्हणून बहुतेक मोठ्या विमानांत तो बाहेर उघडतो, आणि बुचाचे तत्त्व सोडल्यामुळे सर्व भार कड्यांवर येऊन पडतो. अशा दरवाजात आकड्यासारख्या कड्या चौकटीवरील दांड्यांना पकडतात, त्या कड्या मागे फिरू नयेत म्हणून वेगळे अडसर असतात आणि अडसर बसल्याची खूण म्हणून एक छोटी हवेची झडप बंद होते. या तीन पायऱ्यांपैकी पहिली चुकली तर पुढच्या दोन होऊच नयेत, अशी ही साखळी असली पाहिजे.

मॅक्डॉनेल डग्लस डीसी-१० या विमानात ती तशी नव्हती. विजेच्या मोटारीने कड्या पूर्ण फिरल्या नाहीत तरी बाहेरील दांडा जोर लावून खाली दाबता येत असे. त्या जोराने आतील सांधे वाकत, झडप बंद होई आणि दरवाजा नीट लागला असे बाहेरून दिसे. १२ जून १९७२ रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या अशा एका विमानाचा मागील मालदरवाजा डेट्रॉइटहून निघाल्यावर कॅनडातील विंडसर शहराजवळ उडाला. मालकक्षातील दाब एकदम नाहीसा झाल्याने वरच्या केबिनची जमीन खाली खचली व तिच्याखालून जाणारे नियंत्रणाचे काही तारदोर अडकले. वैमानिकांनी कौशल्याने विमान उतरवले आणि सर्व ६७ जण बचावले. उत्पादकाने दुरुस्त्या सुचवल्या, परंतु त्या सर्व विमानांवर तातडीने व सक्तीने झाल्या नाहीत.

३ मार्च १९७४ रोजी टर्किश एअरलाइन्सचे डीसी-१० पॅरिसहून लंडनला निघाले असता तोच दरवाजा त्याच पद्धतीने उडाला. या वेळी केबिन भरलेली होती, जमीन अधिक खचली, सहा प्रवासी आसनांसह बाहेर फेकले गेले आणि नियंत्रण पूर्णपणे तुटले. एर्मेनोंव्हिलच्या जंगलात झालेल्या या अपघातात ३४६ जण मृत्युमुखी पडले. दरवाजा लावणाऱ्या कामगाराला तीन भाषा येत होत्या, पण दरवाजावरील सूचना इंग्लिश व तुर्की या त्याला न वाचता येणाऱ्या दोन भाषांत होत्या. दोष त्याचा मानणे अर्थातच चुकीचे ठरेल: जो दरवाजा अर्धवट लागूनही पूर्ण लागल्यासारखा दिसतो, त्याची चूक कोणत्याही भाषेतील फलकाने भरून निघत नाही. या अपघातानंतर रुंद विमानांच्या केबिनची जमीन दाबातील अचानक फरक सहन करू शकेल, तसेच वरची व खालची हवा पटकन एक होऊ शकेल अशी मोकळीक तिच्यात असेल, अशी सक्ती करण्यात आली. आजच्या विमानांत प्रवाशांच्या पायाशी भिंतीलगत जी जाळीदार किंवा सैल पट्टी दिसते ती या मोकळीकीचा भाग असते.

२४ फेब्रुवारी १९८९ रोजी होनोलुलूहून निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ चा पुढील मालदरवाजा उडाला आणि ९ प्रवासी बाहेर ओढले गेले. कामगारांनी दरवाजा नीट लावला नसावा असा निष्कर्ष अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने प्रथम काढला होता. दरवाजाचे तुकडे पॅसिफिक महासागराच्या तळातून काढल्यावर तो बदलावा लागला. विजेच्या जोडणीतील दोषामुळे मोटार आपोआप फिरली होती आणि ॲल्युमिनियमचे अडसर तिच्या जोरापुढे वाकले होते, असे १९९२ च्या सुधारित अहवालात म्हटले आहे. त्यानंतर अडसर पोलादाने बळकट करण्यात आले.

दरवाजा न उघडल्याचे अपघात

दरवाजा उडाल्याच्या अपघातांची चर्चा जास्त होते, पण न उघडल्याने गेलेले जीव कमी नाहीत. १९ ऑगस्ट १९८० रोजी सौदियाच्या एल-१०११ विमानात रियाधहून निघाल्यावर आग लागली. विमान परत येऊन सुरक्षित उतरले. मात्र ते धावपट्टीवर ताबडतोब थांबवले गेले नाही, नंतरही इंजिने काही मिनिटे चालू राहिली आणि आतून एकही दरवाजा उघडला गेला नाही. इंजिने बंद झाल्यावर सुमारे २३ मिनिटांनी बचाव पथकाला एक दरवाजा उघडता आला, तोपर्यंत विमानातील सर्व ३०१ जण मरण पावले होते.

२२ ऑगस्ट १९८५ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर विमानतळावर ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग ७३७ ला उड्डाणापूर्वी धावपट्टीवरच आग लागली. १३७ पैकी ५५ जण दगावले, त्यांतील बहुतेक धुराने. केबिनमधील सुट्या भागांच्या रचनेच्या दृष्टीने हा अपघात सर्वांत बोधक मानला जातो. पुढचा उजवा दरवाजा उघडताना घसरगुंडीच्या पेटीचे झाकण चौकटीत अडकले व तो पूर्ण उघडण्यास एका मिनिटाहून अधिक वेळ गेला. पुढच्या दरवाजांकडे जाणारी वाट खानपान कक्षाच्या दोन पडद्यांमधून होती आणि ती जेमतेम ५७ सेंटिमीटर रुंद होती. पंखावरील द्वाराजवळ बसलेल्या प्रवाशाने द्वाराचा दांडा समजून आधी आसनाचा हात ओढला. नंतर उघडलेले सुमारे २२ किलोग्रॅमचे झाकण आत आसनावरच पडले. म्हणजे दरवाजे होते, ते पुरेसेही होते, पण आसने, पडद्या व एका पेटीचे झाकण यांनी वाट अडवली. पंखांवरील द्वारांजवळ आसनांमधील अंतर वाढवणे, तेथील प्रवाशांना आधी सूचना देणे या आज सर्वत्र दिसणाऱ्या पद्धती रुजण्यामागे या अपघाताचा मोठा वाटा आहे.

मोठ्या विमानातील सर्व माणसे निम्मीच द्वारे वापरून ९० सेकंदांत बाहेर पडली पाहिजेत, असा अमेरिकेचा नियम १९६७ पासून आहे; त्यापूर्वी १९६५ मध्ये ही मर्यादा १२० सेकंद होती. २००६ मध्ये हॅम्बुर्ग येथे झालेल्या चाचणीत एअरबस ए-३८० मधून ८७३ जण ७८ सेकंदांत बाहेर आले. चाचणीतील माणसे सुदृढ असतात, त्यांच्याजवळ हातसामान नसते व धूर नसतो, हा या नियमावरील नेहमीचा आक्षेप आहे व तो रास्त आहे.

दरवाजापाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याचे महत्त्व दाखवणारा प्रसंग मुंबईहून निघालेल्या विमानात घडला. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून कराची व फ्रँकफुर्टमार्गे न्यू यॉर्कला जाणाऱ्या पॅन ॲमच्या उड्डाण ७३ चे कराची येथे अपहरण झाले. अपहरणाची सूचना मिळताच वैमानिक बोइंग ७४७ च्या कॉकपिटच्या छतातील लहान निर्गमद्वारातून दोरांच्या साहाय्याने खाली उतरले. हे द्वार नेमके अशाच प्रसंगासाठी असते. सुमारे १७ तासांनंतर गोळीबार सुरू झाला तेव्हा वरिष्ठ पर्सर नीरजा भनोत यांनी आपत्कालीन दरवाजा उघडला. स्वतः प्रथम बाहेर पडणे शक्य असूनही त्यांनी प्रवाशांना बाहेर काढले व त्यात त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आले.

सुटे व काढता येणारे भाग

प्रवासी विमानाची केबिन आतून कायमची बांधलेली वाटते, पण तिच्यातील बहुतेक भाग काढता येतात. जमिनीत लांबीच्या दिशेने रूळ बसवलेले असतात. त्यांना दर एक इंचावर गोल छिद्रे असतात. आसनाच्या पायाची खुंटी छिद्रातून घालून अर्धा इंच सरकवली की ती रुळाच्या ओठांखाली अडकते, आणि मग एक दट्ट्या छिद्रात उतरवून आसन पक्के केले जाते. आसनांमधील अंतर इंचाइंचाने बदलता येते ते यामुळेच. १९६० च्या दशकात आलेल्या बोइंग ७२७ च्या एका आवृत्तीत आसने मोठ्या फळ्यांवर बसवलेली असत व दिवसा प्रवासी आणि रात्री माल नेण्यासाठी सुमारे अर्ध्या तासात केबिन रिकामी करता येई.

सहज काढता येणे आणि अपघातात न निघणे, हा येथील पेच दरवाजासारखाच आहे. पूर्वी आसनांना पुढच्या दिशेने गुरुत्वाच्या नऊपट स्थिर भार सहन करावा लागे. अमेरिकेच्या १९८८ च्या नियमानुसार नव्या रचनेच्या विमानांतील आसनांची सोळापट धक्क्याची प्रत्यक्ष आदळून चाचणी घ्यावी लागते, तीही जमीन वाकलेली आहे असे धरून. खानपान कक्षातील प्रत्येक ढकलगाडीला दोन स्वतंत्र खटके असतात, कारण एक लावायचा राहून गेला तरी भरलेली गाडी मार्गिकेत धावत येऊ नये.

दरवाजाच्या जागी बसवायचे झाकण हा या वर्गातील एक वेगळाच भाग आहे. एकाच आराखड्याचे विमान कमी-जास्त आसनांसह विकले जाते. आसने जास्त असतील तर अधिक निर्गमद्वारे लागतात, कमी असतील तर ती मोकळी जागा झाकणाने बंद करतात व आतून नेहमीचे खिडकीचे पटल लावतात. शेजारी बसलेल्या प्रवाशाला येथे दरवाजाची जागा आहे हे कळतही नाही. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-९ मॅक्स विमानाचे असे झाकण पोर्टलंडहून निघाल्यावर काही मिनिटांतच उडाले. विमानात १७७ जण होते, कोणाचाही मृत्यू झाला नाही. हे झाकण १२ ठोकळ्यांच्या आधारे दाब पेलते आणि ते वर सरकून ठोकळ्यांतून निसटू नये एवढ्यासाठीच ४ बोल्ट असतात. कारखान्यात शेजारच्या रिव्हेटांच्या दुरुस्तीसाठी झाकण उघडले होते व ते बंद करताना चारही बोल्ट पुन्हा बसवले गेले नव्हते, असे तपासात आढळले. त्याच वेळी कॉकपिटचा दरवाजाही आपोआप उघडला गेला. दाब अचानक बदलल्यास त्याने तसे उघडावे अशीच त्याची रचना होती, मात्र वैमानिकांना त्याची कल्पना दिलेली नव्हती. या घटनेनंतर भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने देशातील ७३७-८ मॅक्स विमानांच्या आपत्कालीन द्वारांची एकवेळ तपासणी करण्याचा आदेश दिला. भारतात तेव्हा ७३७-९ हा प्रकार वापरात नव्हता.

लहान विमाने आणि बारामती परिसर

बारामती विमानतळ वैमानिक प्रशिक्षणासाठी ओळखला जातो. सणसर व इंदापूरच्या बाजूच्या शेतांवरून घिरट्या घालणारी एका इंजिनाची विमाने तेथीलच असतात. सेसना १५२ व १७२ यांसारख्या विमानांच्या केबिनमध्ये हवा भरलेली नसते, त्यामुळे दरवाजावर टनांचा भार नसतो. दरवाजा मोटारीच्या दरवाजासारखा, पुढच्या कडेला बिजागरी असलेला, बाहेर उघडणारा व पातळ पत्र्याचा असतो. उड्डाणात तो चुकून उघडलाच तर समोरून येणारी हवा त्याला काही इंचांपलीकडे उघडू देत नाही. गोंगाट होतो, कागद उडतात, पण विमान उडत राहते. खरा धोका दरवाजात नसून तो लावण्याच्या नादात विमान चालवण्याकडे होणाऱ्या दुर्लक्षात असतो, हे शिकाऊ वैमानिकाला सुरुवातीलाच सांगितले जाते.

या विमानांच्या पुस्तिकेतील एक सूचना मोठ्या विमानांच्या बरोबर उलट आहे. इंजिन बंद पडून शेतात उतरण्याची वेळ आली, तर जमिनीला टेकण्यापूर्वीच दरवाजाची कडी काढून ठेवावी असे तीत म्हटले आहे. आदळल्यावर हलकी चौकट वाकली तर बंद दरवाजा तिच्यात घट्ट अडकतो. कडी आधीच काढलेली असेल तर दरवाजाची कड चौकटीबाहेर राहते व बाहेर पडण्याची वाट उरते. या परिसरात अशी वेळ केवळ पुस्तकापुरती नाही. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले एक सेसना १५२ विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात कोसळले. त्यातील प्रशिक्षणार्थी वैमानिक किरकोळ जखमांवर बचावली.

सेसनाचा अधिक धोकादायक सुटा भाग दरवाजा नसून आसन आहे. उंचीनुसार ते रुळावर मागेपुढे करता येते व एका खुंटीने जागी अडकते. रुळाची छिद्रे झिजून लांबट झाली की खुंटी नीट बसत नाही. उड्डाणाच्या क्षणी विमानाचे नाक वर होताच आसन मागे घसरते, वैमानिक आधारासाठी हातातील चक्र ओढून धरतो आणि नाक आणखी वर जाऊन विमान कोसळू शकते. अशा अपघातांमुळे अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने १९८७ मध्ये रूळ, खुंट्या व चाकांच्या नियमित तपासणीचा आदेश काढला व २०११ मध्ये त्याची जागा नव्या आदेशाने घेतली. बाजारात काही रुपयांना मिळेल अशी दिसणारी ही खुंटी दर उड्डाणापूर्वी आसन हलवून तपासली जाते.

भारतातील निर्मिती

सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे साखर कारखाना उभारला. त्याभोवती वालचंदनगर वसले. त्यांच्याच पुढाकाराने व म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. १९४१ मध्ये भारत सरकार तिचे भागधारक झाले आणि युद्धकाळाची निकड म्हणून १९४२ मध्ये सरकारने तिचा कारभार हाती घेतला. मिग-२१ च्या निर्मितीसाठी नाशिकजवळच्या ओझर येथे उभा राहिलेला कारखाना ज्या एरोनॉटिक्स इंडिया कंपनीचा भाग होता, ती व हिंदुस्तान एअरक्राफ्ट यांचे १ ऑक्टोबर १९६४ रोजी विलीनीकरण होऊन हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड ही आजची कंपनी बनली.

ही कंपनी लढाऊ विमानांसाठी प्रसिद्ध आहे. त्या मानाने तिचे दरवाजांचे काम फारसे कोणाला ठाऊक नसते. एअरबस ए-३२० च्या पुढील प्रवासी दरवाजांचे काम तिच्याकडे १९८८ पासून आहे, आणि या कुटुंबातील जगभरातील सुमारे निम्म्या विमानांना तिने बनवलेले पुढील दरवाजे लागले आहेत. पुणे किंवा मुंबई विमानतळावर ए-३२० मध्ये चढणारा प्रवासी ज्या दरवाजाच्या चौकटीखाली मान झुकवतो, तो बंगळूरहून युरोपात जाऊन विमानासह परत आलेला असण्याची शक्यता त्यामुळे बरीच असते. दरवाजा हा विमानाचा लहान भाग असला तरी त्यात सांगाडा, यंत्रणा, हवाबंद पट्ट्या व विजेचे संवेदक एकत्र येतात आणि काही मिलिमीटरची चूकही चौकटीत बसवताना उघडी पडते. अशा कामाचा अनुभव असल्यानेच पुढील कामे भारताकडे वळली, असे म्हणण्यास जागा आहे. २०२३ मध्ये ए-३२० निओ विमानांच्या मालदरवाजांचे काम टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्सला, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये ए-२२० विमानाच्या सर्व दरवाजांचे काम बंगळूरच्या डायनॅमॅटिक टेक्नॉलॉजीजला मिळाले. ए-२२० ला प्रवासी, सेवा, माल व पंखांवरील मिळून आठ दरवाजे असतात.

वालचंदनगरच्या कारखान्यात विमानाचे दरवाजे बनत नाहीत. तेथील वालचंदनगर इंडस्ट्रीज ही कंपनी साखर कारखान्यांची यंत्रे व बाष्पके यांबरोबर भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या प्रक्षेपकांसाठी घन इंधनाच्या मोटारींची आवरणे तयार करते.